डावा खुबा, उजवा कास्ट

ऑपरेशनआधीचे दहा आठवडे

कळ जांघेत उठायची आणि गुडघ्यापर्यंत उतरायची, म्हणून दोन हंगाम मी गुडघ्यालाच पट्टा बांधून गळाने मासे धरत काठावर फिरलो. एक्स-रे काढला तेव्हा गुडघा निर्दोष सुटला. डाव्या खुब्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. सांधा पूर्ण बदलायचा ठरलं.

सर्जननी विचारलं, "गळ टाकताना नेमकं काय करता?" मी बसल्या बसल्या हात फिरवून दाखवला. ते म्हणाले, "हात नको, पाय दाखवा." उभं राहून दाखवलं आणि माझं मलाच नवल वाटलं. मी उजव्या हाताने कास्ट करतो, म्हणजे गळ फेकतो. वजन मागच्या उजव्या पायावरून पुढच्या डाव्यावर येतं, पाऊल चिखलात रुतलेलं असतं आणि कंबर त्या रुतलेल्या पायावर डावीकडे वळते. म्हणजे पाय खुब्यात आतल्या बाजूला पिळला जातो. तीस वर्षं मी समजत होतो की कास्ट खांद्यातून निघतो.

मग मासा काठाशी घेतानाची पोझ दाखवली: खाली वाकायचं, डावा गुडघा आत घ्यायचा, अंग वळवून हात पाण्याकडे न्यायचा. "सांधा निखळवायचा असेल तर अगदी असंच बसा," असं म्हणून ते हसले. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने होणार होतं. त्यात सांध्यामागचे छोटे स्नायू आणि आवरण कापून पुन्हा शिवतात. ते भरून येईपर्यंत तीन गोष्टी बंद: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं. (पुढून ऑपरेशन झालेल्यांचे नियम वेगळे असतात. माझे नियम आंधळेपणाने उचलू नका.)

तयारीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग व्यायामाचा. पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय वर नेणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू हा खरा गडी. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला पडू न देण्याचं काम त्याचं. माझा तो इतका ढिला पडला होता की डाव्या पायावर चार सेकंदही धड उभा राहता येत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात अकरा सेकंद झाले.

दात तपासून घेतले, कारण शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असला तर तो रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. त्याच कारणाने शेवटचे तीन आठवडे मासेमारी बंद. गळ बोटात घुसला किंवा शिंगाळ्याचा काटा तळव्यात मोडला, तर तेवढ्यावरून ऑपरेशन पुढे ढकलतील असं सांगितलं होतं. हंगाम ऐन भरात होता. असो.

पहिले चार दिवस

पहिल्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. जखम दुखत होती, पण जांघेतली ती जुनी, रात्री जागवणारी कळ नव्हती.

पडल्या पडल्या एक गोष्ट वाचली, ती खास आपल्या मंडळींसाठी. आजच्या खुब्याचा पाया जॉन चार्न्ली या इंग्लिश सर्जनने घातला. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत फिरतो. घर्षण कमी व्हावं म्हणून त्याने आधी त्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. हो, तेच, आपल्या रीलच्या ड्रॅगमधल्या (मासा ओढतो तेव्हा दोरी अडवणाऱ्या ब्रेकमधल्या) वॉशरचं. ड्रॅगमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण शरीराच्या वजनाखाली काही वर्षांतच झिजलं आणि रुग्णांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. १९६२ पासून त्याने दाट पॉलिएथिलीन घेतलं आणि ते जमलं. त्याचा धातूचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता. माझा सिरॅमिकचा आहे, ३६ मिलिमीटर. गोळा मोठा असला की वाटीतून बाहेर पडायला त्याला जास्त अंतर सरकावं लागतं, म्हणून निखळण्याचा धोका कमी. रीलचं बेअरिंग निवडताना मी इतका विचार कधी केला नव्हता.

तिसरा आठवडा

घरातच. कमोडवर उंच बैठक, खुर्चीवर जाड उशी, मोजे चढवायला प्लास्टिकची पन्हळ, खाली पडलेलं उचलायला लांब चिमटा. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

हात मोकळे होते म्हणून सगळी रीलं खोलून साफ केली आणि ब्रेडला (विणलेल्या मुख्य दोरीला) लीडर (गळाकडचा दोरीचा तुकडा) जोडायची एफजी गाठ पुन्हा घोटवली. तेव्हाच अंगठ्यात गळ टोचला. एरवी चोखून सोडून दिलं असतं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, पायात गुठळी होऊ नये म्हणून. पंधरा मिनिटं कापूस दाबून बसलो. बायको म्हणाली, "अहो, मासे नाहीत तर स्वतःलाच पकडताय का?" त्या दिवसापासून गोळ्या संपेपर्यंत गाठींचा सराव बिनगळाचा, नुसत्या कडीवर.

दुसरी चूक जास्त गंभीर. गळाच्या दोरीला लावायचं वीस ग्रॅमचं शिसं टेबलाखाली घरंगळलं आणि मी चिमटा विसरून वाकलो. काही झालं नाही, पण फिजिओला सांगितल्यावर ती पाच मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काका, शिसं स्वस्त असतं."

सहावा ते नववा आठवडा

वॉकर सुटला, काठी आली. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा हात काठीवर भार टाकतो, त्याने डाव्या कुल्ल्याच्या स्नायूचं काम हलकं होतं. इथे माझी पंचाईत झाली. उजवा हात काठीला दिला, मग रॉड कुणाला? म्हणजे उभ्याने कास्ट नाहीच.

अंगणात खुर्चीवर बसून, गळाशिवाय नुसतं शिसं लावून सराव सुरू केला. छाती थेट निशाण्याकडे, दोन्ही पावलं सपाट, फेक डोक्यावरून सरळ. बाजूने फेकायचा मोह आवरायचा, कारण त्यात धड फिरतं. पूर्वी साठेक मीटर जायचं ते तीसवर आलं. पहिले दोन दिवस लाज वाटली. मग अचूकता मोजायला लागलो, बादलीच्या आसपास किती पडतात ते. दहातले सात पडायला लागल्यावर अंतराचं दुःख कमी झालं.

नवव्या आठवड्यात पाण्यावर गेलो. गाडीत शिरताना सीट मागे सरकवून आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. आपलं नेहमीचं घडीचं बुटकं स्टूल या काळात विषच, त्यावर बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात. मी हातांची, पाय कमीजास्त करता येणारी उंच खुर्ची नेली. उतारावर पुढचे पाय लांब केले की बैठक सपाट होते. जागा निवडताना मासा कुठे आहे हे दुसरं, गाडीपासून वाट कोरडी आहे का हे पहिलं. दोन तासांत एकही स्ट्राइक नाही, एकाही माशाने गळाला तोंड लावलं नाही. घरी आल्यावर घोटा सुजला होता, पाय उंचावर ठेवून झोपलो, सकाळी उतरला. (पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल किंवा सूज उतरत नसेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.)

चौदावा आठवडा

बाराव्या आठवड्यात तपासणी झाली. काठी गेली, वाकण्याचे नियम सैल झाले. डाव्या पायावर बावीस सेकंद.

आता उभ्याने कास्ट करतोय, पण बदलून. पाऊल रुतवून कंबर वळवण्याऐवजी डाव्या पायाची टाच उचलून पाऊलच निशाण्याकडे वळवतो. पंचेचाळीस मीटर जातं. मासा बाजूला पळाला तर रॉडमागे धड नेत नाही, छोटी पावलं टाकत अख्खा फिरतो. ड्रॅग पूर्वीपेक्षा ढिला ठेवलाय. फाइट लांबते, पण एकदम झटका बसला तर तोल सांभाळायला वेळ मिळतो.

परवा एक बऱ्यापैकी मासा लागला. काठाशी आल्यावर सवयीने गुडघा वाकायला निघाला होता, तेवढ्यात मित्र ओरडला, "अरे, जाळी!" अडीच मीटर दांड्याची झोळी शेजारीच टेकवून ठेवली होती. त्याने उचलली, मी चार पावलं मागे सरत मासा झोळीवर आणला. गळ त्यानेच काढला आणि मासा सोडून दिला. त्या भानगडीत फोटो राहिला.

वेडर्स (पाण्यात उतरून उभं राहायची जलरोधक विजार) अजून खुंटीवरच. वाहत्या पाण्यात घसरलो आणि मांडीच्या हाडात बसवलेल्या नव्या सांध्याच्या दांड्याभोवतीचं हाड मोडलं तर ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, म्हणून सर्जननी सहा महिन्यांपर्यंत विषयच काढू नका म्हणून सांगितलंय. डाव्या बुटाची नाडी मात्र काल पहिल्यांदा माझी मी बांधली, बाहेरच्या बाजूने हात घालून. गाठ तिरकी बसली, सुटली नाही.