किलोभर पोलादाची पारख

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी टार्गेट मारण्यासाठी घ्यायच्या पिस्तुलाचा एक फोटो टाकला होता. ह्यूस्टनजवळच्या शूटिंग रेंजवरचं टेबल, त्यावर चकाकतं पिस्तूल, स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून उघडी ठेवलेली, बाजूला भोकं पडलेला कागद. थोड्याच वेळात चुलतभावाचा फोन आला. "काय बे, चांदीचं हाय काय थे? अन् डुक्कर मरते काय त्याच्यानं?"

डुकराचं आधी सांगतो, कारण पुलगावपासून आर्वीपर्यंत कोणीही हा लेख उघडला तरी पहिला प्रश्न तोच असणार. ते काम पिस्तुलाचं नाही. टेक्सासातल्या शेतकऱ्यांनाही रानडुकरांनी जेरीस आणलंय. २०१९ पासून इथे खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. पण त्यासाठी लोक रायफल घेतात. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला जाणारा माणूस झटका मशीन लावतो, फटाके फोडतो, डबे वाजवतो. डुक्कर असो की रोही, मारायचं म्हटलं की वनखात्याची परवानगी आली. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते, त्यांची ती निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा. आमच्या गावात बंदूक म्हणजे हेच: कागदपत्रांची थैली आणि त्यासोबत एक लांब नळी.

मी बघत होतो ते पिस्तूल फक्त कागदाला भोकं पाडण्यासाठी. हे मुद्दाम लिहितो, कारण कशासाठी घ्यायचंय ते ठरल्याशिवाय पिस्तुलाला चांगलं-वाईट म्हणताच येत नाही. कमरेला लावून फिरणाऱ्याला हलकं, आखूड, बारीक पिस्तूल हवं असतं. २५ यार्डांवर, म्हणजे जवळपास २३ मीटरवर, टार्गेट मारणाऱ्याला नेमकं उलट. दुकानदार मात्र दोघांनाही एकाच काउंटरवर, त्याच उत्साहाने, तेच विकतो.

परतवाड्याचा एक मित्र इथे माझ्यासोबत रेंजवर येतो. त्याचं ठाम मत, "एवढं वजन कायले उचलतं बाप्पा, प्लास्टिकचं घे." त्याच्याकडे ९ मिलिमीटरचं ग्लॉक १७ आहे, गोळ्यांचं मॅगझिन काढून सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. मी हातात घेतलेलं रुगर एसआर १९११ अकराशे ग्रॅमचं: फ्रेम (मुठीसकट खालचा सांगाडा) आणि स्लाइड दोन्ही स्टेनलेस, ५ इंची नळी, .४५ इंचाची गोळी. मग आम्ही रेंजबाहेरच्या बाकावर बसून हिशेबच मांडला. .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, सेकंदाला अडीचशे मीटरच्या थोडी पुढे जाते. ९ मिलिमीटरची साडेसात ग्रॅमची, वेग साडेतीनशेच्या आसपास. गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले पिस्तुलाचं वजन, म्हणजे पिस्तूल किती वेगाने मागे येतं ते कळतं. बारूदीच्या वायूचा वाटा सोडला तर जड पिस्तुलातली .४५ सेकंदाला साडेतीन मीटरच्या घरात येते आणि हलक्या पिस्तुलातली ९ मिलिमीटर चारच्या वर. म्हणजे मोठी गोळी असूनही झटका हळू. आणि तीच ९ मिलिमीटर अकराशे ग्रॅमच्या पिस्तुलातून मारली तर अडीचही भरत नाही. मित्र आकड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तू आधी काहून नाही सांगतलं?"

वजनाइतकीच महत्त्वाची गोष्ट लांबी. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर १९११ जातीच्या पिस्तुलात साडेसहा इंचांच्या आसपास असतं. माशी खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली तर २५ यार्डांवर गोळी सुमारे १४ सेंटिमीटर डावीकडे जाते. आखूड पिस्तुलात हे अंतर पाच इंचांवर आलं की तीच चूक १८ सेंटिमीटरची होते. नळी लांब म्हणून गोळी फार सरळ जाते अशातला भाग नाही. लांब पिस्तुलात डोळ्याला स्वतःची चूक लवकर दिसते, एवढंच. मला तेवढंच हवं होतं.

आता चांदीचं. स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि गंज आत शिरत नाही. आपल्या घरच्या ताट-वाट्यांचं स्टील वेगळं असतं, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं. ते उष्णता देऊन कडक करता येत नाही, म्हणून पिस्तुलाच्या नळीला आणि स्लाइडला वेगळ्या जातीचं, कडक होणारं स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम कमी असतं, त्यामुळे ते ताटाइतकं निर्धास्त नाही. घामाच्या हाताने वापरून तसंच पेटीत टाकलं तर ठिपके धरतं. मी वर्धा जिल्ह्यातला. आमचा उन्हाळा अंगाची भाकरी करतो, पण कोरडा. ह्यूस्टनला हवेतच पाणी भरलेलं असतं. काळ्या-निळ्या पॉलिशचं साधं पोलादी पिस्तूल इथे रोज पुसावं लागतं, स्टेनलेसला थोडी सूट मिळते.

पण फक्त 'स्टेनलेस' या शब्दावर जाऊ नये. बेरेटा ९२ एफएस इनॉक्स दिसायला अख्खं चंदेरी, पण स्टेनलेस आहे ती स्लाइड आणि नळी. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. वजन त्यामुळे ९४५ ग्रॅम. हा दोष नाही, उत्तम पिस्तूल आहे ते, फक्त विकत घेताना माहीत असावं. दुसरं म्हणजे स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की ते एकमेकांना चिकटून ओरखडायला लागतं. सुरुवातीच्या काळातली स्टेनलेस पिस्तुलं यासाठी बदनाम होती. पुढे स्लाइड आणि फ्रेम वेगवेगळ्या कडकपणाची करून हा प्रश्न बराचसा सोडवला गेला. तरी स्लाइड जिथे सरकते त्या फ्रेमच्या दोन्ही खाचांमध्ये तेल हवंच. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही: उघड्या रेंजवर दुपारच्या उन्हात चंदेरी स्लाइड डोळ्यांवर चमकते. माशी आणि खाच दोन्ही काळ्या असतील तरच निशाणी नीट दिसते. गंजातली सूट सोडली तर फायदा एकच, पण मोठा. मॅट भागावर ओरखडा पडला तर हिरव्या घासणीने रेषांच्या दिशेने हलकं घासलं की तो दिसेनासा होतो. काळ्या पॉलिशवर हा प्रयोग करू नका.

ट्रिगरबद्दल मात्र मी हवं तेवढं बोलू शकतो. १९११ हे जॉन मोझेस ब्राउनिंगचं काम. अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. लष्करानं सोडून इतकी वर्षं झाली तरी टार्गेटवाले ते सोडत नाहीत, याचं कारण ट्रिगर. बाकीच्या बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर खिळीभोवती फिरतो, याचा सरळ मागे सरकतो. थोडी मोकळी चाल, मग भिंत लागावी तसा थांबा, आणि मग सुटतो. कधी सुटणार हे बोटाला आधीच कळलं की बोट दचकत नाही. बेरेटामध्ये पहिली गोळी हातोडा न ओढता मारली तर लांब आणि जड ओढ, त्यानंतरच्या हलक्या. रेंजवर लोक पहिल्या गोळीलाही अंगठ्याने हातोडा ओढून घेतात आणि प्रश्न मिटवतात.

म्हणून माझी पारख दारूगोळ्याशिवाय सुरू झाली. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः बघायचं, विकणाऱ्यानं सांगितलं तरी. त्याची परवानगी घ्यायची, नळी सुरक्षित दिशेला आणि हळू ट्रिगर ओढायचा. सुटताना माशी हलली तर एकतर ट्रिगर खरबरीत आहे किंवा पकड चुकतेय. १९११ च्या मागच्या बाजूला तळव्याने दाबली जाणारी एक सुरक्षा-पट्टी असते. ती नीट दाबली गेली नाही तर गोळी सुटतच नाही. लहान हाताच्या माणसाने हे दुकानातच तपासावं. नंतर रेंजवर वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ यार्डांवरून पाच-पाच गोळ्यांचे गट मारायचे, दोन-तीन वेगवेगळ्या दारूगोळ्यांनी. टेकवून मारलेला गट पिस्तुलाबद्दल सांगतो, उभं राहून मारलेला माझ्याबद्दल. इंटरनेटवर लोक हे दोन गट बिनदिक्कत मिसळतात आणि मग पिस्तुलाला शिव्या देतात.

भाड्याचं एक पिस्तूल घेतलं होतं, त्याची गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं टरफल, बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकत होती. रेंजच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने ते माझ्या हातून घेतलं, तेल टाकलं, स्वतः एक मॅगझिन मारून बघितलं. एकही अडकली नाही. त्याने माझं मनगट धरून घट्ट कसं ठेवायचं ते दाखवलं आणि पुढच्या माणसाकडे गेला.

कायद्याचं थोडक्यात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला इथे बंदूक बाळगणं साधारणपणे बेकायदा आहे, अगदी रेंजवर भाड्याने हातात घेणंसुद्धा. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद. मी ग्रीन कार्ड आल्यानंतरच या वाटेला गेलो. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. आणि भावा, ते गावाला आणायचं मनातही नको. ९ मिलिमीटर भारतात सामान्य नागरिकाला मिळत नाही, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच शस्त्रं ठेवता येतात.

रेंजवर कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, आणि परतल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात धुणं, कारण गोळ्यांमध्ये शिसं असतं. कपडेही वेगळे धुतो. बायकोच्या यादीत हा नियम पहिला आहे.

शेवटी काय घेतलं? १९११ च, पण ९ मिलिमीटरमध्ये, अख्खं स्टेनलेस. कारण साधं आहे: पिस्तुलाची किंमत एकदाच मोजायची, दारूगोळ्याची दर शनिवारी. .४५ चा डबा ९ मिलिमीटरच्या दीडपट ते दुप्पट भावाने पडतो, आणि हात बसतो तो गोळ्या झाडून. परतवाड्याचा मित्र अजून माझं वजनदार पिस्तूल उचलताना तोंड वाकडं करतो, पण पाच गोळ्या मारल्याशिवाय परत देत नाही.

भाच्याने विचारलंय की त्याला नेमबाजी करायची तर काय घ्यावं. त्याला सांगितलं, वर्ध्यात किंवा नागपुरात १० मीटर एअर पिस्तूल शिकवणारा प्रशिक्षक आधी शोध. स्पर्धेच्या नियमात पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं आणि ट्रिगरची ओढ किमान ५०० ग्रॅमची लागते. तोवर पाण्याची लिटरची बाटली भरून हात लांब करून उभा राहा, रोज.