कोटेशनमधलं ‘ऑप्शनल’ पान

आमचं जालन्याला बियाण्यांचं गोदाम आहे. त्यातली एक खोली कांद्याच्या बियाण्यासाठी राखीव, 15 अंश तापमान आणि 30 टक्के आर्द्रता. कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी, ओल लागली की त्याची उगवण झपाट्याने उतरते. इतक्या थंड खोलीत साध्या कॉइलवाल्या मशीनवर बर्फ धरतो, म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून सिलिका जेलच्या रोटरचा, म्हणजे फिरत्या चाकाचा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन). मधाच्या पोळ्यासारखं ते चाक तासाला आठ-दहा फेऱ्या मारतं. त्याचा मोठा भाग खोलीतल्या हवेतली वाफ शोषतो आणि उरलेल्या भागातून गरम हवा जाऊन ती वाफ बाहेर टाकते.

त्या वर्षी आषाढात रात्रपाळीचे काका सकाळी ऑफिसात आले. “साहेब, भिंतीवरचा मीटर दोन दिवसांपासून वर चाललाय. मशीन तर चालूच हाय.” मी जाऊन पाहिलं. पंखा चालू, हीटर चालू, पॅनलवर सगळे दिवे हिरवे, आणि मीटरवर 58. झाकण काढलं तेव्हा कळलं की रोटर फिरवणारा पट्टा ढिला होऊन घसरत होता. मोटर फिरत होती, चाक जागच्या जागी. पॅनलवरच्या दिव्याला सिग्नल मोटरच्या कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे तिला वीज देणाऱ्या स्विचवरून होता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं. कापडी पोत्यांच्या बाहेरच्या थरातल्या नमुन्यांची ओल 8 टक्क्यांच्या वर गेली होती. साध्या पॅकिंगमधल्या कांदा बियाण्याला प्रमाणीकरणात तेवढीच मर्यादा आहे. दोन लॉट परत वाळवावे लागले. उगवणीच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत मला धड झोप लागली नाही. उगवण टिकली होती.

मशीन जुनं झालंच होतं, शेठनी नवं घ्यायला सांगितलं. तीन कोटेशनं आली. प्रत्येकात मूळ किमतीनंतर एक पान ‘ऑप्शनल’ नावाचं. एरवी ते पान आम्ही घासाघीस करायला वापरतो, एकेक ओळ खोडत किंमत खाली आणतो. या वेळी मी सुरुवातच तिथून केली आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: तो पट्टा घसरला त्या दिवशी हे असतं तर मला कळलं असतं का?

पहिली टिकली रोटरच्या फिरण्याच्या सेन्सरला. चाकाच्या कडेला धातूची एक पट्टी असते आणि समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर. पट्टी दहा मिनिटांत समोरून गेली नाही, तर अलार्म. दुसरी टिकली बाहेर पडणाऱ्या ओल्या हवेच्या तापमानाला. ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते आणि नेमकी तीच लोक आधी खोडतात. गरम हवा रोटरमध्ये साधारण 120 अंशांनी शिरते आणि पाण्याची वाफ करण्यात तिची उष्णता खर्च होते, म्हणून बाहेर पडताना ती बरीच निवलेली असते. चाक थांबलं की त्या भागातलं पाणी लवकरच संपतं आणि बाहेरचं तापमान चढू लागतं. म्हणजे खोलीत ओल वाढायच्या कितीतरी आधी तो एक आकडा बोलतो.

तिसरी गोष्ट कोटेशनमध्ये नव्हतीच, ती मी लिहून घेतली: वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणं. आमच्याकडे पावसाळ्यात रात्रीतून दोनदा-तीनदा वीज जाते. एका मशीनला प्रत्येक वेळी हाताने रिसेट द्यावं लागणार होतं, ते तिथेच बाद केलं. सोबत एसएमएसच्या मोडेमला बॅटरी घेतली. वीज गेल्याचा निरोप पाठवणाऱ्या मोडेमचीच वीज जायला नको.

हीटरवर मात्र शेठशी वाद झाला. साधा हीटर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद होतो. थायरिस्टरवाला गरजेपुरताच तापतो, पण महाग. शेठ म्हणाले, “पावसाळ्यात तर तो पूर्णच चालणार ना?” बरोबर होतं ते, पण आपली हवा वर्षातले सात-आठ महिने कोरडी असते आणि मशीन बाराही महिने चालतं. अखेर घेतला. फेब्रुवारीत तो जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर चाललेला मी शेठना पॅनलवर दाखवला.

रंगीत टचस्क्रीन आणि मासिक भाड्याची क्लाउड सेवा सोडली. मशीनचे आकडे दुसऱ्या यंत्रणेला देणारा मॉडबस पोर्ट घेतला, कारण तो नंतर बसवायला जास्त खर्च येतो. फिल्टर तुंबल्याचं सांगणारा दाबाचा स्विच दोन्ही बाजूंना घेतला. बियाण्याच्या भुश्श्याची धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको.

सेन्सर कुठे लावायचा यावर एक अख्खा दिवस गेला. बसवायला आलेल्या इंजिनिअरने तो कोरडी हवा आत सोडणाऱ्या तोंडाजवळच लावला होता. तिथे 14 दिसत होते, मागच्या कोपऱ्यात हातातला मीटर 37 दाखवत होता. सेन्सर परतीच्या हवेच्या वाटेवर हलवला, आणखी एक त्या कोपऱ्यात पोत्यांच्या उंचीवर बसवला. नियंत्रणही दवबिंदूवर ठेवून घेतलं. 15 अंशांना 30 टक्के असलेली हवा 18 अंशांवर गेली की तीच 25 टक्के दिसते, पाणी तेवढंच. कूलिंग चालू-बंद होताना टक्के हलतात आणि मशीन उगाच फसतं. दवबिंदू उणे 2 च्या आसपास स्थिर राहतो.

डिस्पॅचआधी मशीन बघायला मी त्यांच्या कारखान्यात गेलो. सगळं सुरळीत चालवून दाखवलं त्यांनी. मी म्हटलं, “आता मशीन बंद करून पट्टा काढा आणि पुन्हा चालू करा.” ते चमकले, पण काढला. दहा मिनिटं उलटताच माझ्या फोनवर मेसेज आला. मग वीज तोडायला लावली, मग एका फिल्टरवर पुठ्ठा धरला. पुठ्ठ्याच्या वेळी अलार्म आलाच नाही, स्विचच्या नळ्या उलट जोडल्या होत्या. ते माझ्या समोर दुरुस्त करून घेतलं आणि मगच कागदावर सही केली.

बसवून वर्ष झाल्यावर सेन्सर तपासायचा होता. बाहेरून माणूस न बोलावता आम्ही दोन बरण्या घेतल्या. एकीत खायचं मीठ पाण्यात ओलं रवाळ करून ठेवलं, दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइड. बंद बरणीत 25 अंशांना पहिलीतली हवा 75 टक्क्यांवर ठरते, दुसरीतली 33 वर. काकांनी सेन्सर झाकणातून आत सोडला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी मिठाच्या बरणीत 76 आले, दुसरीत 37. आमची खोली त्या दुसऱ्या आकड्याच्या जवळची, म्हणून दुरुस्ती तिथलीच दिली. म्हणजे इतके महिने खोली आम्हाला दिसत होती त्याहून थोडी जास्तच कोरडी होती आणि हीटर तेवढा फुकट जळत होता. आता तपासणीची तारीख काका पॅनलच्या दारावर आतून स्केचपेनने लिहितात, आणि पट्ट्याचं सुटं पाकीट तिथेच खिळ्याला लटकलेलं असतं.