एवढे बारीक मणी ओवता तरी कसे?

प्रदर्शनात टेबलाशी थांबलेली प्रत्येक बाई मोहरीएवढा मणी चिमटीत धरते आणि विचारते, "अहो, एवढे बारीक मणी ओवता तरी कसे? डोळे दुखत नाहीत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

डोळे लागतात ते सुईत दोरा जाईपर्यंत. पुढचं सगळं बोटांचं काम.

११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, १५ नंबरचा दीड मिलिमीटरचा. नंबर वाढला की मणी लहान होतो. बोहरी आळीत पहिल्यांदा खरेदीला गेलं की इथेच गोंधळ उडतो. सुईचंही तसंच, १० नंबरपेक्षा १२ नंबरची बारीक. या सुईचं नेढं, म्हणजे दोरा ओवायचं भोक, जवळजवळ सुईच्याच जाडीचं असतं, कारण तिथे ती फुगली तर मण्यातच अडकायची. राजगडावरच्या कातळातल्या आरपार भोकालाही आपण नेढंच म्हणतो, याचं मला अजून नवल वाटतं.

दोरा तिरका कापायचा, मेणावरून ओढायचा, टोक नखाने चपटं करायचं. मग चिमटीबाहेर जेमतेम दिसेल इतकंच टोक ठेवायचं आणि सुई त्याच्यावर आणायची. दोरा सुईकडे नेला की तो वाकतो. नाहीच गेला तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने बघा, पुष्कळदा तिकडून पटकन जातो. मणी मात्र बोटांनी उचलू नका. मऊ कापडावर पसरा आणि पाखरं दाणे टिपतात तसे सुईच्या टोकाने टिपा.

पण खरी अडचण पुढे असते, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. आतेबहिणीच्या लग्नासाठी मण्यांची चिंचपेटी विणत होते. विणकामात एकेका मण्यातून दोरा दोनदा जातो, कडेच्या मण्यांतून तीन-चारदा. दर फेरीला भोक भरत जातं. शेवटच्या ओळीत सुई अडली. घाई होती, म्हणून पकडीने ओढली. टक्क आवाज झाला, मणी फुटला, काचेच्या धारेने दोरा कापला गेला आणि कडेच्या ओळी सैल पडल्या. दोन दिवसांचं काम उसवलं.

म्हणून पहिल्या फेरीला सुई सहज जाते यावर जाऊ नका. शेवटची फेरी डोळ्यांपुढे ठेवून सुई निवडा. आणि टिपतानाच जो मणी सुईला अडवतो, तो तिथेच बाजूला काढा, कितीही सुंदर असला तरी.

आजीची काळी पोत गाठवायला आम्ही पेठेत जायचो. पटवेकरी काका दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणून धरायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मण्यांकडे ते फारसे बघायचेही नाहीत. मी तेव्हा काकांचा चेहरा बघत बसायचे. बोटं बघायला हवी होती.

काळे मणी मी अजूनही रात्री हातात घेत नाही. दिव्याखाली त्यांचं भोक दिसत नाही. सकाळी गॅलरीत ऊन आलं की पांढरा पंचा अंथरते, त्यावर मणी पसरते आणि दहा वाजता ऊन सरकलं की उठते.