सोलरच्या टाकीत जाम झालेली कॉइल

नागपूरच्या मानेवाडा भागातलं मुलींचं होस्टेल, गच्चीवर पाणी तापवायचा २०० लिटरचा सोलर. काचेच्या २० ट्यूब, आणि ढगाळ दिवसांसाठी टाकीच्या बाजूच्या तोंडात २ किलोवॅटची विजेची कॉइल. तक्रार एवढीच की कॉइलचं बटण दाबलं की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. आधी येऊन गेलेल्या इलेक्ट्रिशियननं होस्टेल बघणाऱ्या काकूंना "आरसीसीबीच काढून टाका ना, काकू" असं सांगून ठेवलं होतं. काकूंनी ऐकलं नाही हे फार बरं झालं. ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारी ती डबी तिथं नसती, तर तोच करंट नळाच्या पाण्यात उतरला असता.

एमसीबी बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या. दोन टोकांत मल्टिमीटर २७ ओहम दाखवत होता. २ किलोवॅटच्या कॉइलला २३० व्होल्टवर साडेसव्वीसच्या आसपास यायलाच हवेत, म्हणजे आतली तार शाबूत. पण टोक आणि पितळी डोकं यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला तर काटा शून्यावर, इन्सुलेशन उरलेलंच नाही. तारेवरच्या तांब्याच्या नळीला भोक पडून पाणी आत शिरलेलं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीवर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत तापते आणि एका जागी फाटते. अशी कॉइल दुरुस्त होत नसते, बदलायचीच.

खरी अडचण बदलण्यात होती. सव्वा इंची आटे, आणि मागच्या वेळी कुणीतरी सफेदा-सूत (गळती थांबवायचा पांढरा लेप आणि धागा) भरून आवळलेले. त्यावर क्षार चढून ते दगड झाले होते. अशा वेळी बहुतेक जण आधी टाकी रिकामी करतात आणि मग मोठा पाईप पाना लावून लोंबकळतात. क्रम नेमका उलटा हवा. या टाकीत कॉइल आडवी बसते, त्यामुळे पान्यावर दिलेला जोर टाकीला तिच्याच अक्षाभोवती फिरवू पाहतो. टाकी दोन बोटं जरी फिरली तरी सिलिकॉन रिंगमध्ये बसलेल्या सगळ्या ट्यूबवर आडवा ताण येतो आणि काच तडकते. भरलेल्या टाकीत २०० किलोचं वजन असतं, ती जागची सहज हलत नाही. आटे फोडायचे ते टाकी भरलेली असतानाच.

वजनावरही पूर्ण भरवसा ठेवत नाही मी. बाजूचं प्लास्टिक झाकण काढून सॉकेटभोवतीचा, म्हणजे कॉइल बसते त्या टाकीच्या आटेदार तोंडाभोवतीचा, फोम सुरीनं कोरला, सॉकेट उघडं केलं. त्यावर एक पाईप पाना उलट्या दिशेनं धरायला हाताखालच्या पोराला बसवलं. कॉइलच्या षटकोनी डोक्याला रिंग पाना. डोक्याला पाईप पाना लावू नये, पितळ मऊ असतं, कोपरे गोल झाले की पुढं धरायला काहीच उरत नाही. सॉकेटचं वेल्डिंग पातळ पत्र्यावर असतं, म्हणून धरायचा जोर आणि फिरवायचा जोर दोन्ही सॉकेटच्या आसपासच संपले पाहिजेत, पत्र्यापर्यंत पोचता कामा नयेत.

दुपारीच आट्यांच्या फटीत गंज सोडवायचं तेल मारून हातोडीनं डोक्याच्या चारी बाजूंना हलके ठोके दिले होते. गॅसची ज्योत लावायचा विचारही करायचा नाही. फोम पेटतो आणि धूर विषारी. सोलरच्या टाकीत तसंही उन्हानं तापलेलं पाणी असतंच. संध्याकाळी आतून सॉकेट चांगलं गरम होतं, तेव्हा फडक्यात बर्फ बांधून दहा-पंधरा मिनिटं फक्त पितळी डोक्यावर धरला. डोकं आकसतं, सॉकेट फुललेलं राहतं, मधला सफेदा तडकतो.

"दादा, लावू का जोर?"

"जोर नाही, झटका. आणि आधी आवळायच्या दिशेनं."

सलग दाबानं पितळ पिळवटतं, छोट्या झटक्यानं चिकटलेलं सुटतं. आवळायच्या दिशेनं एक झटका, मग उलटा, पुन्हा आवळायचा. कट् असा कोरडा आवाज आला आणि डोकं पाव फेरा फिरलं. कडेनं गरम पाणी झिरपायला लागलं. हातमोजे हवेतच. हातानं परत घट्ट केलं आणि तिथंच थांबलो.

टाकी रिकामी करायची ती पहाटे, ऊन यायच्या आत. नागपूरच्या उन्हात रिकाम्या टाकीखालच्या ट्यूबमधलं पाणी उकळायला लागतं. त्यात गार पाणी सोडलं की काच फुटलीच. म्हणून ट्यूबवर ताडपत्री आधीच बांधली.

सकाळी आटे सुरळीत सुटले, पण कॉइल चार बोटं बाहेर येऊन अडली. हे दुसरं जाम, आणि यात लोक जास्त फसतात. सव्वा इंची सॉकेटचं भोक आतून जेमतेम ३९ मिलिमीटर, आणि कॉइलवर क्षार असा चढलेला की ती आता त्यापेक्षा जाड. ओढलं तर तांब्याची नळी तुटून अर्धी आत राहते. डोकं धरून सावकाश पुढं-मागं, डावी-उजवीकडे फिरवायचं. सॉकेटच्या कडेवर क्षार फुटतो, फटीतून हेक्सा ब्लेडनं खरडायचा. पांढरे खपले टाकीत पडण्याचा आवाज येत राहतो. अर्ध्या तासात अख्खी कॉइल बाहेर आली. वाकलेल्या टोकाशी नळीला तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती.

पडलेले खपले कॉइलखालच्या ट्यूबमध्ये जाऊन बसतात. त्या चार ट्यूब साबणाचं पाणी लावून, पिळत पिळत काढल्या, उलट्या करून धुतल्या. हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतायचं नाही, स्टीलच्या टाकीला त्यानं बारीक भोकं पडतात. आट्यांतला सफेदा तारेच्या ब्रशनं निघाला. उरलेल्यासाठी जुन्या पितळी निपलला (बाहेरून आटे असलेला पाईपचा तुकडा) हेक्सानं उभ्या चार खाचा पाडल्या आणि तेल लावून तोच आत-बाहेर फिरवला. आटे पाडायचा लोखंडी टॅप बेतानं न चालवल्यास सॉकेटच खातो.

आटे काही केल्या सुटलेच नसते, तर डोकं कापून पितळी कडं आतून हेक्सा ब्लेडनं दोन जागी चिरावं लागलं असतं, सॉकेटचे आटे दिसेपर्यंतच, आणि मग छिन्नीनं तो तुकडा आत पाडावा लागला असता.

नव्या कॉइलला सफेदा नाही. सरळ आटे वॉशरवर पाणी अडवतात, म्हणून नवं वॉशर, हातानं घट्ट, वर पान्यानं पाव फेरा. टाकी भरून गरम नळातून हवा पूर्ण गेल्यावरच वीज. कोरडी कॉइल मिनिटाभरात जळते. क्लॅम्प मीटरवर ८.६ अँपिअर, आरसीसीबी जागेवर. काकूंना दोन गोष्टी सांगितल्या. २० अंशांचं पाणी ६० ला न्यायला या कॉइलला साडेचार तासांवर लागतात, तेव्हा सकाळची आंघोळ असेल तर रात्री दोनलाच टायमर लावा. आणि बोअरचं पाणी चालू आहे तोवर दर दिवाळीआधी कॉइल एकदा सोडवून बघा.