प्रोग्रॅम पडतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे

सी प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन पडला की आपण लगेच पडलेली ओळ उघडून बसतो. मेमरीच्या चुकांच्या बाबतीत ती ओळ बऱ्याचदा निर्दोष असते. चूक आधीच कुठेतरी होऊन गेलेली असते आणि ही ओळ फक्त तिच्या तावडीत सापडते. त्यामुळे कोड पुन्हापुन्हा वाचत बसण्यापेक्षा चूक जिथे होते तिथेच प्रोग्रॅम थांबेल अशी सोय आधी करावी.

एक उदाहरण बारकाईने बघू. मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडून २४ बाइट घेतले आणि स्ट्रकॉपी या स्ट्रिंगची नक्कल करणाऱ्या फंक्शनने त्यात २४ अक्षरांची स्ट्रिंग भरली. स्ट्रिंगचा शेवट दाखवणारा शून्य बाइट पंचविसावा, म्हणजे हद्दीबाहेर. ६४-बिट लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक प्रत्येक तुकड्याच्या आकाराची नोंद त्या तुकड्याच्या लगेच आधी ठेवतो. २४ बाइटांच्या तुकड्यानंतरचा पहिलाच बाइट हा शेजारच्या तुकड्याच्या आकाराचा सर्वांत खालचा बाइट असतो, आणि आपण तिथे शून्य लिहिलं. शेजारचा तुकडाही लहान असेल तर त्याचा आकार चक्क शून्य होतो. तरीही त्या क्षणी काहीच घडत नाही. पुढे कधीतरी तो शेजारचा तुकडा फ्री (परत) करताना पॉइंटर किंवा आकार अवैध असल्याचा संदेश येतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. ती फ्रीची ओळ मात्र अगदी बरोबर असते.

आता हीच चूक २० बाइट आणि २० अक्षरं घेऊन करा. मॅलॉक आकार वर नेतो, त्यामुळे २० मागितले तरी वापरता येण्याजोगे २४ मिळतात. एकविसावा बाइट त्या फाजील जागेत पडतो आणि प्रोग्रॅम वर्षानुवर्षं सुरळीत चालतो. चूक शोधायला प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) टाकला की ती गायब होते, त्यामागेही असंच कारण असू शकतं: प्रिंटएफ पहिल्यांदा चालताना स्वतःच्या बफरसाठी हीपमधून, म्हणजे मॅलॉक जिथून देतो त्याच मेमरीतून, जागा घेतो आणि शेजारी कोण, हेच बदलतं. तेव्हा ‘आता पडत नाही’ म्हणजे दुरुस्त झालं, असं कधीच समजू नये.

अशा वेळी पहिलं हत्यार ॲड्रेससॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारी कंपाइलरची सोय. जीसीसी किंवा क्लँग या कंपाइलरला -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस द्या, सोबत -जी, -ओ१ आणि -एफनो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर. सॅनिटायझरचा पर्याय लिंक करतानाही (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवताना) द्यावाच लागतो. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) तो फक्त कंपाइलच्या ओळीत घातला तर लिंकर अनोळखी चिन्हांची मोठी यादी तोंडावर फेकतो. वेग साधारण निम्म्यावर येतो, तेवढं चाचणीत परवडतं. वरच्या उदाहरणात सॅनिटायझर स्ट्रकॉपीच्या ओळीवरच थांबतो आणि सांगतो की २५ बाइट लिहिले गेले आणि लेखन २४ बाइटांच्या जागेच्या लगेच पुढे गेलं. फ्री केलेली जागा वापरली असेल तर अहवालात तीन स्टॅक (फंक्शन-कॉलच्या साखळ्या) येतात: कुठे वापरली, कुठे फ्री केली, कुठे घेतली. उत्तर बहुधा मधल्या स्टॅकमध्ये असतं, आणि बरेचजण नेमका तोच न वाचता पुढे जातात.

सुरुवातीची किंमत न दिलेला व्हेरिएबल वाचणं मात्र ॲड्रेससॅनिटायझरला दिसत नाही. त्यासाठी व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं वेगळं साधन, आणि सोबत --ट्रॅक-ओरिजिन्स=येस, म्हणजे ती किंमत मुळात कुठून आली तेही कळतं. उलट, स्टॅकवरच्या, म्हणजे फंक्शनच्या स्थानिक ॲरेची हद्द ओलांडली तर व्हॅलग्राइंड सहसा गप्प बसतो. दोन्ही साधनं हवीत, पण एकाच बायनरीवर (कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमवर) एकत्र नाही. व्हॅलग्राइंडसाठी साधी बायनरी वेगळी बनवा. तो खूप हळू चालतो, म्हणून छोटा इनपुट द्या. अहवालात शंभर चुका दिसल्या तरी फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा चालवा, कारण बाकीच्या अनेकदा तिचीच पिलावळ असतात.

घेतलेल्या जागेचा आकार बदलणाऱ्या रीॲलॉकबद्दल वेगळं सांगायला हवं. पी = रीॲलॉक(पी, एन) असं लिहिलं आणि जागा मिळाली नाही, तर पीमध्ये नल (रिकामा पत्ता) येतो आणि जुन्या जागेचा पत्ता कायमचा हरवतो. निकाल आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग पीला द्या. जागा मिळाली तरी ती हललेली असू शकते, त्यामुळे जुन्या बफरच्या आत बोट दाखवणारे बाकीचे पॉइंटर मेलेले समजा. लिंक्ड लिस्ट किंवा पार्सरमध्ये ही चूक फार खोल दडते.

आता शेल स्क्रिप्ट. या चाचण्या चालवते तीच, आणि बहुतेक अपयशं गिळते तीही तीच. प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने मेला की शेलला १३९ हा एक्झिट कोड (प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा) मिळतो: १२८ अधिक सिग्नल ११. अबॉर्ट झाला तर १३४. पण प्रोग्रॅमचं आउटपुट पाइपने टी या फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे पाठवून लॉग घेतला की पाइपलाइनचा कोड शेवटच्या कमांडचा, म्हणजे टीचा, म्हणजे ०. प्रोग्रॅम मेला आणि स्क्रिप्ट म्हणते सगळं ठीक. म्हणून बॅशमध्ये सुरुवातीलाच सेट -ओ पाइपफेल, म्हणजे मधली कमांड पडली तरी पाइपलाइन अपयशी ठरते. त्याचा एक त्रास लक्षात ठेवा: फक्त पहिल्या ओळी घेणाऱ्या हेडने लवकर वाचणं थांबवलं तर आधीची कमांड १४१ देऊन मरू शकते, आणि ते अपयश खरं नसतं.

सेट -इ (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. इफच्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत तो लागूच होत नाही. लोकल लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं तर कोड लोकलचा मिळतो, कमांडचा नाही. दोन ओळी करा. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ देतो आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते, म्हणून त्याला इफमध्ये ठेवा.

व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणांत. नाही तर मधे स्पेस असलेलं फाइलनाव दोन नावं होऊन बसतं. फाइली पुसणाऱ्या आरएम -आरएफसमोरच्या व्हेरिएबलला महिरपी कंसात :? जोडा, तो रिकामा निघाला तर आरएम चालण्याआधीच स्क्रिप्ट थांबते. अवतरणं आणि लोकल, दोन्ही चुका शेलचेक हा स्क्रिप्ट तपासणारा प्रोग्रॅम आपणहून दाखवतो, त्यामुळे कमिटच्या आधी तो चालवणं सक्तीचं करा.

व्हॅलग्राइंड स्क्रिप्टमधून चालवताना --एरर-एक्झिटकोड=९९ असा एखादा वेगळा आकडा द्या. तो दिला नाही तर चुका सापडूनही प्रोग्रॅमचाच कोड परत येतो. तात्पुरती डिरेक्टरी एमकेटेम्प -डीने घ्या आणि पुढच्याच ओळीत ट्रॅप लावून एक्झिटवर ती पुसा. सिगकिल या जबरदस्तीने मारणाऱ्या सिग्नलने मारलं तर हा ट्रॅप चालत नाही, तेव्हा डिरेक्टरीच्या नावाला ओळखू येईल असा उपसर्ग द्या आणि जुन्या राहिलेल्या डिरेक्टऱ्या वेगळ्या साफ करा.