मुंबई–लंडन : अंतर ७,२०० किलोमीटर, मग वेळ किती?

मुंबई ते हीथ्रो (लंडनचा मुख्य विमानतळ) अंतर शोधलं की साधारण ७,२०० किलोमीटर असा आकडा मिळतो. आकडा बरोबर आहे, पण ते पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आहे. कुठे हेच ४,४८० लिहिलेलं दिसतं, कुठे ३,८९०. पहिले साधे मैल (१.६०९ किमी), दुसरे सागरी (१.८५२ किमी). विमानवाहतुकीत सागरी मैल चालतात. एकक न बघता गुणाकार केला की पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते. गोलावरचा दोरा मात्र बराच उत्तरेकडून जातो : सिंध, बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी. आता ही नावं पुन्हा वाचा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै ते बंद होतं. म्हणजे सर्वांत जवळची वाट कागदावरच राहते, आणि एकाच दिवशी भारतीय आणि ब्रिटिश कंपनीची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

वेळेचा अंदाज घरी काढता येतो. मोठ्या जेटचा वेग सुमारे ९०० किमी ताशी धरा. वळसा मिळून ७,५०० किमी झाले असं समजू. मग वारा. या पट्ट्यात उंचावर वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात, हिवाळ्यात जास्त जोराने. लंडनला जाताना सरासरी ताशी ६० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीसापेक्ष वेग ८४० उरतो : जवळपास ८ तास ५५ मिनिटं. तोच पाठीशी असेल तर ९६० : ७ तास ५० मिनिटं. एका वाऱ्याने तासाभराचा फरक पडतो, म्हणूनच परतीचा प्रवास लवकर होतो. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, त्याची वीस-पंचवीस मिनिटं वेगळी धरा.

तिकिटावरचा कालावधी याहून मोठा, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या जागी थांबेपर्यंतचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीत रांग लागते. हीथ्रोवरही उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

सर्वांत जास्त चूक होते ती घड्याळाची. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यामागे साडेचार तास, एरवी साडेपाच. समजा जूनमध्ये रात्री २ ला निघून सकाळी ७.२० ला पोहोचायचं आहे : ५ तास २० मिनिटं अधिक साडेचार, म्हणजे ९ तास ५०. परतीला हाच फरक वजा करायचा. रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० : साडेतेरातून साडेचार गेले, ९ तास.

पुढचं विमान पकडायचं असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर आपल्या फ्लाइट नंबरचे मागच्या आठवड्याचे दिवस उघडा आणि पोहोचण्याच्या खऱ्या वेळा बघा. सरासरी काढू नका. सर्वांत उशिराचा दिवस धरून पुढचं तिकीट काढा.