माझी टोळी

"तू व्हिलन आहेस ना? मग त्या गुंडांना सारखं बरं काय करत बसलायस?"

काल रात्री ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ हा ऑनलाइन गेम खेळताना टीममधल्या एका अनोळखी खेळाडूनं चॅटवर विचारलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

माझं पात्र मास्टरमाइंड. स्वतः फारसा लढत नाही, हाताखालचे सहा गुंड लढतात. त्यांना ‘डिफेन्सिव्ह’वर (म्हणजे बचावाच्या पवित्र्यात) ठेवून माझ्या मागोमाग यायला सांगितलं की माझ्यावरचा मार ते वाटून घेतात. काल माझ्यावर गोळ्या सुटल्या आणि त्या सगळ्यांच्या हेल्थच्या पट्ट्या एकदम खाली आल्या. माझी जेमतेम हलली. मेले तर नवे बोलावता येतात, क्षणाचं काम. पण मी त्यांना नावं दिली आहेत (गेममध्येच तशी सोय आहे), आणि नाव दिलेला माणूस असा सोडवत नाही.

२००५ साली आलेल्या या गेमचे सर्व्हर २०१२ मध्ये बंद झाले. चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला, २०२४ मध्ये त्यांच्या ‘होमकमिंग’ सर्व्हरला अधिकृत परवानाही मिळाला. इतक्या वर्षांनी लोक खलनायक व्हायला परततात ते नुसती नासधूस करायला, हे मला पटत नाही.

तुमचा खलनायक कुणाला जपतो?